सगळं वाचू नका: कॉमिक्समधला क्रॉसओव्हर इव्हेंट कसा वाचायचा

आमच्या कॉमिक्सवाल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा येतो आणि तोच प्रश्न विचारतो: "सीक्रेट वॉर्स वाचायचंय, कुठून सुरू करू?" लगेच कुणीतरी उत्साहानं यादी टाकतं. स्क्रोल करता करता अंगठा दुखावा एवढी मोठी यादी, एकेका अंकाचा क्रमांक घातलेली. नवा माणूस "थँक्यू" म्हणतो आणि परत कधी दिसत नाही. ती यादी एकेकाळी मीही टाकलेली आहे. हा लेख त्याची भरपाई समजा.

आधी जे या भानगडीत अजिबात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकन कंपन्यांच्या दर महिन्याला डझनावारी मालिका निघतात, आणि प्रत्येक कंपनीच्या बहुतेक सगळ्या मालिका एकाच जगात घडतात. मधूनच एखादं असं संकट येतं की सगळ्या नायकांना एकत्र यावं लागतं, किंवा एकमेकांच्या उरावर बसावं लागतं. तो इव्हेंट, किंवा क्रॉसओव्हर; वरची सीक्रेट वॉर्स हा मार्व्हलचा असाच एक. त्याची एक मुख्य मालिका असते, साधारण पाच ते बारा अंकांची. त्याच काळात इतर मालिकांमध्ये त्या संकटाचे जे पडसाद उमटतात ते टाय-इन. आपल्याकडे ज्यांच्या घरी वेताळ आणि मॅन्ड्रेकचे इंद्रजाल अंक होते त्यांना हे सगळं विचित्र वाटतं, आणि ते साहजिक आहे. तिथे एका बैठकीत गोष्ट हातावेगळी व्हायची. इथे गोष्टीचा पाय कुठल्या अंकात आणि डोकं कुठल्या, हेच आधी शोधावं लागतं.

मला इव्हेंट हा मोठ्या घरातल्या लग्नासारखा वाटतो. पत्रिकेवर पन्नास नावं, हॉलमध्ये पाचशे माणसं, त्यातली निम्मी आपल्याला ठाऊक नाहीत. म्हणून आपण घरी बसत नाही. मुलाकडून आलोय की मुलीकडून एवढं माहीत असलं की पुरे. ओळखीच्या माणसांजवळ बसायचं, मुहूर्ताला अक्षता टाकायच्या, जेवायचं. प्रत्येक मावसभावाची वंशावळ पाठ करून कुणी लग्नाला जात नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे आपली बाजू कोणती ते ठरवण्याची खटपट आहे.

पायरी १: इव्हेंट कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

हे न बघता यादीला हात घालू नका. ढोबळमानानं तीन जाती आहेत.

पहिली, कणा आणि फांद्या. २००६-०७ची सिव्हिल वॉर बघा. मार्क मिलर यांचं लेखन, स्टीव्ह मॅकनिव्हन यांची चित्रं, मुख्य मालिका सात अंकांची. स्टॅमफर्ड शहरात काही उतावळे तरुण नायक टीव्हीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांवर धाड घालतात, स्फोट होतो, सहाशेहून जास्त माणसं मरतात. मग सरकार म्हणतं, सगळ्या सुपरहिरोंनी नाव नोंदवा. आयर्न मॅन हो म्हणतो, कॅप्टन अमेरिका नाही. हे सगळं त्या सात अंकांत आहे. टाय-इन शंभरच्या आसपास असतील, पण एकही न वाचता गोष्ट कळते. हाऊस ऑफ एम आणि सीक्रेट इन्व्हेजन हे प्रत्येकी आठ अंकांचे इव्हेंटही याच पठडीतले.

दुसरी जात पालखीसारखी. गोष्ट एका मालिकेच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर जाते. २०२०ची एक्स ऑफ स्वोर्ड्स बावीस भागांची आहे आणि ते भाग एक्स-मेनच्या वेगवेगळ्या मालिकांमध्ये विखुरलेले आहेत. डीसीची २००७ची सिनेस्ट्रो कोअर वॉर ग्रीन लँटर्न आणि ग्रीन लँटर्न कोअर या दोन मालिकांत आलटून-पालटून चालते. इथे "मी फक्त माझ्या आवडत्याची मालिका वाचेन" म्हणालात तर मधले मुक्काम गळतात आणि माणसं अचानक दुसऱ्याच ठिकाणी उभी दिसतात. सगळे भाग ओळीनं वाचा, नाहीतर सोडून द्या. मुखपृष्ठावर "बावीसपैकी सातवा" असा शिक्का दिसला की समजायचं, ही पालखी आहे.

तिसऱ्या जातीत नेहमीचं जगच बंद करतात. १९९५च्या एज ऑफ अपोकॅलिप्समध्ये चार महिने एक्स-मेनच्या मालिका थांबल्या आणि त्यांच्या जागी वेगळ्याच नावाच्या मालिका आल्या. वुल्व्हरिनच्या मालिकेची वेपन एक्स झाली. एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर एक्झेव्हियर तरुणपणीच मेला असता तर जग कसं झालं असतं, ही कल्पना. अशा इव्हेंटमध्ये मुख्य कथेपेक्षा भटकण्यात मजा असते. जत्रेत सगळे स्टॉल बघायचे नसतात, हवा तो पाळणा पकडायचा.

ज्या २०१५च्या सीक्रेट वॉर्सनं नव्या माणसाला पळवून लावलं, ती पहिली आणि तिसरी यांची खिचडी आहे. मुख्य नऊ अंक सरळ वाचता येतात, आणि भोवती जत्रा आहे ती वेगळीच.

पायरी २: नावाला भुलू नका, साल बघा

ही पायरी किरकोळ वाटते, पण पैसे हिच्यातच जातात. काही वर्षांपूर्वी मी घाईघाईत सिव्हिल वॉर मागवलं. पार्सल उघडलं तर आत भलतंच जग: अमेरिकेचे दोन तुकडे झालेत आणि युद्ध वर्षानुवर्षं चाललंय. तो २०१५च्या सीक्रेट वॉर्सचा एक टाय-इन निघाला, त्याचंही नाव सिव्हिल वॉर. दुकानदाराची काही चूक नव्हती, मीच साल पाहिलं नव्हतं. वाईट नाही ते पुस्तक, पण मला हवं होतं ते नव्हे.

सीक्रेट वॉर्स १९८४ची आहे, तिचा दुसरा भाग १९८५चा, आणि मग २०१५ची. सिव्हिल वॉरचा दुसरा भाग २०१६चा. इन्फिनिटीचा घोळ तर विचारूच नका: इन्फिनिटी गॉन्टलेट १९९१, इन्फिनिटी वॉर १९९२, नुसती इन्फिनिटी २०१३, इन्फिनिटी वॉर्स २०१८. खलनायक थॅनोससाठी वाचायचं असेल तर पहिली घ्या, जिम स्टार्लिन यांची, सहा अंकांची. डीसीकडे "क्रायसिस" या शब्दावर असंच प्रेम आहे. १९६३ साली जस्टिस लीगच्या दोन अंकांत जुन्या आणि नव्या पिढीच्या नायकांचे संघ पहिल्यांदा एकत्र आले, तेव्हा हा शब्द शीर्षकात आला. पुढे क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स १९८५, इन्फिनिट क्रायसिस २००५, फायनल क्रायसिस २००८. फायनल म्हटलं तरी शेवटची नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा शोधताना मालिकेचं नाव, सुरुवातीचं साल आणि लेखक या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एकत्रित पुस्तक घेत असाल तर आतल्या पानावर किंवा पाठीवर कोणते अंक त्यात आहेत ते छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ३: लेखकाचा माग काढा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. याद्या बनवणारे पात्रांच्या मागे जातात, म्हणून याद्या फुगतात. तुम्ही लेखकाच्या मागे जा. चांगला इव्हेंट आभाळातून पडत नाही. एखादा लेखक दोन-तीन वर्षं स्वतःच्या मालिकेत बी पेरत असतो आणि इव्हेंट हे त्याचं पीक असतं.

२०१५ची सीक्रेट वॉर्स जोनाथन हिकमन यांची, चित्रं एसाद रिबिच यांची. हिकमन २००९पासून फँटॅस्टिक फोर लिहीत होते. मग त्यांनी एकाच वेळी अ‍ॅव्हेंजर्स आणि न्यू अ‍ॅव्हेंजर्स अशा दोन मालिका हाती घेतल्या. त्यातली न्यू अ‍ॅव्हेंजर्स ही खरी पूर्वकथा. कल्पना अशी: समांतर विश्वांमधल्या दोन पृथ्व्या एकमेकींवर येऊन आदळू लागतात. हातात काही तास असतात. दोघींपैकी एक नष्ट केली तर दुसरी वाचते, नाहीतर दोन्ही विश्वं संपतात. फँटॅस्टिक फोरचा प्रमुख रीड रिचर्ड्स, टोनी स्टार्क (म्हणजे आयर्न मॅन), ब्लॅक पँथर, नेमॉर, डॉक्टर स्ट्रेंज वगैरे बुद्धिमान आणि बलाढ्य मंडळी बंद दाराआड बसून ठरवतात की पुढची पृथ्वी आली तर काय करायचं. कॅप्टन अमेरिका म्हणतो, दुसऱ्याचं जग मारून आपलं वाचवायचं नाही. तेव्हा हे लोक त्याची स्मृतीच पुसून टाकतात. हे तिसऱ्या अंकातच होतं. तिथून पुढचं सगळं त्या एका पापाचं ओझं आहे.

आता हिशेब बघा. सगळं नीट वाचायचं तर अ‍ॅव्हेंजर्सचे ४४, न्यू अ‍ॅव्हेंजर्सचे ३३, मधल्या इन्फिनिटीचे ६ आणि शेवटी सीक्रेट वॉर्सचे ९ अंक. झाले ९२. रोज दोन-तीन अंक वाचले तर महिना-दीड महिन्याचं काम.

तेवढा धीर नसेल तर माझी आखूड वाट अशी. न्यू अ‍ॅव्हेंजर्सचे पहिले तीन अंक वाचा. मग थेट "टाइम रन्स आउट" या भागावर या: अ‍ॅव्हेंजर्स ३५ ते ४४ आणि न्यू अ‍ॅव्हेंजर्स २४ ते ३३, एकात एक गुंफून. इथे कथा आठ महिने पुढे उडी मारते, म्हणजे आधीचं वाचणारेही तुमच्याइतकेच बावचळलेले असतात. मग सीक्रेट वॉर्स. ३२ अंकांत काम झालं. काही माणसं कोण आहेत हे कळणार नाही. न कळू देत, लग्नात चालतंच. खलनायक डॉक्टर डूम आणि रीड रिचर्ड्स यांचं भांडण मात्र मनात घर करेल, आणि मग तुम्ही आपणहून हिकमन यांची फँटॅस्टिक फोर उघडाल, पैज लावतो.

हाच नियम इतरत्रही चालतो. ब्लॅकेस्ट नाइट (२००९-१०) जेफ जॉन्स यांची, तेव्हा तिची पाळंमुळं त्यांच्याच ग्रीन लँटर्नमध्ये. फायनल क्रायसिस ग्रँट मॉरिसन यांची. त्यात सुपरमॅन बियाँड नावाचा दोन अंकांचा छोटा भाग वेगळा निघाला होता. यादीत तो टाय-इन म्हणून येतो, म्हणून अनेकजण गाळतात, आणि मग शेवटच्या अंकात एक खलनायक अचानक टपकला की वैतागतात. तो खलनायक त्या दोन अंकांतून आलेला असतो. म्हणून एवढं पक्कं लक्षात ठेवा: मुख्य लेखकानं स्वतः लिहिलेला टाय-इन हा कण्याचाच मणका धरायचा.

पायरी ४: टाय-इन निवडा, पण हात आखडून

ज्याची मालिका आधीपासून वाचता त्याचा टाय-इन घ्या. कोणाचीच वाचत नसाल तर आधी एक माणूस निवडा. मराठी वाचकासाठी माझ्याकडे एक हमखास नाव आहे. २००४ साली गोथम कॉमिक्सनं भारतीय स्पायडर-मॅन काढला, चार अंकांचा: पवित्र प्रभाकर, गावाकडून मुंबईत शिकायला आलेला, माया काकू आणि भीम काकांचा पुतण्या, धोतरासारखा पेहराव करून मुंबईच्या इमारतींवरून झोके घेणारा. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला. ती मूळ मालिका मला जराशी कृत्रिम वाटते. मूळ खलनायक ऑस्बर्नचा ओबेरॉय केला की मुंबई होत नाही. पण २०१४च्या स्पायडर-व्हर्स इव्हेंटमध्ये सगळ्या विश्वांतले स्पायडर-मॅन गोळा झाले, तेव्हा हाही आला. हजार परक्या चेहऱ्यांत आपल्या गल्लीतला पोरगा दिसावा तसं झालं. स्पायडर-व्हर्स नवख्यांसाठी बरा इव्हेंट आहे, कारण प्रत्येक पात्र नव्यानंच भेटतं, कुणाचा इतिहास माहीत असायची गरज नाही. त्याआधी एज ऑफ स्पायडर-व्हर्स या मालिकेचा दुसरा अंक जरूर वाचा. स्पायडर-ग्वेन, म्हणजे दुसऱ्या विश्वात कोळ्याची शक्ती मिळालेली ग्वेन स्टेसी, पहिल्यांदा येते ती तिथेच.

दुसरी निवड: ज्यात मूळ कथेपेक्षा वेगळी, स्वतःची कल्पना आहे असा टाय-इन. सीक्रेट वॉर्सच्या जत्रेतला थॉर्स हा चार अंकांचा संच घ्या. जेसन एरन यांचं लेखन. डूमच्या राज्यात सगळ्या विश्वांतले थॉर पोलीस झालेत, आणि दोन थॉर एका खुनाचा तपास करतायत. हातोडा घेतलेले हवालदार! मुख्य कथेतलं काहीही न कळता यात रमता येतं.

आणि मग मिस मार्व्हल. जर्सी सिटीतल्या कमला खानची ही मालिका जी. विलो विल्सन लिहीत होत्या. सीक्रेट वॉर्सच्या आधी जग संपायची वेळ येते, त्यावर त्यांनी चार अंक लिहिले, क्रमांक १६ ते १९. दुसरी पृथ्वी आभाळात टांगलेली आहे आणि ती फोडणं सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात नाही. ती काय करते? भावाला शोधते, शाळेत आसरा घेतलेल्या शेजाऱ्यांना सांभाळते. मुखवट्यामागे आपली मुलगी आहे हे आईला आधीच माहीत होतं, हे तिला कळतं. मुख्य मालिकेत विश्वं कोसळतात तेव्हा मी पान उलटलं होतं. या अंकांपाशी मात्र थांबावं लागलं. टाय-इन कशासाठी असतो हे मला विचारलं तर मी यादी न देता हे चार अंक देतो.

टाकाऊ टाय-इन ओळखायलाही शिका. पहिल्या चार-पाच पानांत मुख्य मालिकेतलाच प्रसंग, तेच संवाद, नुसता दुसऱ्या बाजूनं काढलेला दिसला की मिटून ठेवा. ज्या मालिकेचा नेहमीचा लेखक जाऊन फक्त इव्हेंटपुरता दुसराच आलाय, तिथेही सावध राहा. प्रकाशकाचं गणित साधं आहे, इव्हेंटचं नाव मुखपृष्ठावर असलं की अंक जास्त खपतो. ब्लॅकेस्ट नाइटच्या वेळी डीसीनं रंगीत प्लॅस्टिकच्या अंगठ्या काढल्या होत्या; दुकानदारांना त्या हव्या असतील तर कमी खपाच्या टाय-इन मालिकांचे ठरावीक संख्येनं अंक मागवावे लागत. अंगठ्या गोड होत्या, हे कबूल.

पायरी ५: क्रम लावायचा तो अंक निघाले तसा

घटना ज्या क्रमानं घडल्या त्या क्रमानं वाचायची हौस नवशिक्यांना फार. करू नका. लेखकानं रहस्य ज्या क्रमानं उलगडलं तोच क्रम बरा.

१९८४ची सीक्रेट वॉर्स याचं मासलेवाईक उदाहरण. मॅटेल या खेळणी कंपनीसाठी निघालेली ही बारा अंकांची मालिका तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी लिहिली. मुलांना "सीक्रेट" आणि "वॉर्स" हे शब्द आवडतात असं कंपनीच्या चाचण्यांत दिसलं होतं, म्हणून ते नाव, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. कथेत नायक गायब होऊन एका दूरच्या ग्रहावर जातात. पण इतर मालिकांमध्ये ते पुढच्याच महिन्यात परत आले, आणि अमेझिंग स्पायडर-मॅनच्या २५२व्या अंकात स्पायडर-मॅन काळ्या पोशाखात दिसला. हा पोशाख आला कुठून? उत्तर सीक्रेट वॉर्सच्या आठव्या अंकात, कित्येक महिन्यांनी. तेव्हाच्या वाचकांनी ते कोडं तेवढा काळ उराशी बाळगलं. आज घटनाक्रम लावून वाचणारा ते कोडंच मारून टाकतो.

कधीकधी प्रकाशनाचा क्रमच फसतो, तेव्हा तो तोडायला हरकत नाही. २०१५ची सीक्रेट वॉर्स आठ अंकांची ठरली होती, नऊ झाली, लांबली, आणि शेवटचा अंक जानेवारी २०१६मध्ये आला. दरम्यान ऑक्टोबरपासूनच "त्यानंतरच्या" जगाच्या नव्या मालिका सुरू झाल्या होत्या. जग वाचलं हे आम्हाला शेवट वाचण्याआधीच कळलं. तुम्ही आज वाचताय, तेव्हा नऊही अंक सलग संपवा आणि मगच पुढे जा.

अंकावर छापलेल्या महिन्यावर क्रम लावू नका, एवढं आणखी सांगतो. तो महिना बहुधा प्रत्यक्ष विक्रीच्या दोन-एक महिने पुढचा असतो.

पायरी ६: पडसाद वाचा

इव्हेंटचा शेवटचा अंक हा बऱ्याचदा सगळ्यात लुळा अंक असतो. आदळआपट, मोठ्ठं पान, आणि "आता सगळं बदललं" असं सांगणारं एखादं वाक्य. खरोखर काय बदललं ते पुढच्या महिन्यात, दुसऱ्याच मालिकेत कळतं.

सिव्हिल वॉर संपते, आणि कॅप्टन अमेरिकेचं काय होतं ते त्याच्या स्वतःच्या मालिकेच्या २५व्या अंकात आहे, २००७च्या मार्चमधला, एड ब्रुबेकर यांनी लिहिलेला. सात अंकांच्या युद्धापेक्षा तो एक अंक जास्त लागतो. स्पायडर-मॅन सिव्हिल वॉरच्या दुसऱ्या अंकात जगासमोर मुखवटा काढतो, त्याची किंमत त्याच्या मालिकेत जे. मायकल स्ट्रझिन्स्की यांनी वसूल केली. पुढे ते सगळं पुसण्यासाठी सैतानाशी सौदा करून पीटरचं, म्हणजे स्पायडर-मॅनचं, लग्नच इतिहासातून काढून टाकण्यात आलं. त्या निर्णयावर आमच्या ग्रुपमध्ये आजही दोन तट आहेत. मी चिडलेल्या तटात आहे.

आताच्या काळातलं हवं असेल तर २०२४ची ब्लड हंट घ्या. पाच अंक, व्हॅम्पायरांचं आक्रमण, जेड मॅके यांचं लेखन. गोष्ट ठीकठाक. पण तिच्या शेवटी जगाच्या मुख्य जादूगाराचं पद डॉक्टर डूमच्या हाती जातं, आणि त्यातून २०२५ची वन वर्ल्ड अंडर डूम उभी राहते. ती रायन नॉर्थ यांची, नऊ अंकांची. डूम स्वतःला सगळ्या जगाचा सम्राट जाहीर करतो. ब्लड हंटचा फक्त शेवट माहीत असला तरी पुढचं कळतं.

पायरी ७: मिळवायचं कसं

यात फार गूढ नाही. मार्व्हलचं बरंचसं जुनं एका महिन्याच्या वर्गणीत मार्व्हल अनलिमिटेड अ‍ॅपवर वाचता येतं. नवे अंक तिथे साधारण तीन महिन्यांनी येतात. मी काय करतो, वाचायचा इव्हेंट आधी कागदावर ठरवतो, एका महिन्याची वर्गणी भरतो, तो संपवतो आणि वर्गणी बंद करतो. यादी न ठरवता भरलेली वर्गणी जिमच्या वर्गणीसारखी होते. अ‍ॅपमध्ये इव्हेंटच्या तयार याद्या असतात. त्या घ्या, पण पायरी ३ आणि ४ची कात्री लावून.

कागदावरच हवं असेल तर मुख्य मालिकेचं एकत्रित पुस्तक तेवढं घ्या. जाडजूड ऑम्निबस पहिल्याच वाचनासाठी घेऊ नका; झोपून वाचता येत नाही, आणि आवडलं नाही तर पुढची दहा वर्षं तो ठोकळा कपाटातून तुमच्याकडे बघत राहतो. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि रद्दीच्या दुकानांत सुटे अंक अजून सापडतात. इव्हेंट पूर्ण करायला त्यांचा उपयोग शून्य, पण हात घालायचा मोह मला आवरत नाही.

पायरी ८: मग गप्पा मारा, पण क्रमांक सांगून

एकट्यानं वाचलेला इव्हेंट अर्धाच वाचलेला असतो, असं माझं मत आहे. ही मुळात कट्ट्यावर भांडण्यासाठी लिहिलेली गोष्ट आहे. पण ग्रुपमध्ये कुणी बुधवारी अंक आला की रात्रीच वाचतो, कुणी अ‍ॅपवर तीन महिन्यांनी, कुणी पुस्तक निघायची वाट बघतो. आमच्याकडे एका उत्साही मित्रानं एका मृत्यूचं अख्खं पान सकाळी सात वाजता ग्रुपवर टाकलं होतं, "कसलं भारी काढलंय!" म्हणून. त्या दिवशी तो भारी नव्हता. तेव्हापासून नियम केला: मेसेजच्या सुरुवातीला मालिका आणि अंकाचा क्रमांक, मग चार-पाच रिकाम्या ओळी, मग काय बोलायचं ते. चित्र टाकायचं असेल तर आतलं पान नाही, मुखपृष्ठ. आणि कुणी काही विचारलं तर उत्तराआधी उलट प्रश्न: "कुठपर्यंत वाचलंस?"

"कोण जिंकेल" या वादाला मी आडकाठी करत नाही. डीसीनं ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू केलेली स्कॉट स्नायडर यांची डीसी के.ओ. ही मालिका तर तेवढ्यासाठीच आहे, नायक-खलनायकांची सरळ कुस्ती, जिंकेल तो पुढच्या फेरीत. पण त्यापलीकडे दोन प्रश्न मी नेहमी टाकतो. निर्णय कुणी घेतला आणि त्याला तो अधिकार कुणी दिला? आणि वेगवेगळ्या लेखकांनी तोच माणूस सारखाच लिहिलाय का? सिव्हिल वॉरमध्ये हा दुसरा प्रश्न धमाल उडवतो. मुख्य मालिकेतला टोनी स्टार्क बऱ्यापैकी समंजस आहे, काही टाय-इनमध्ये मात्र तोच माणूस चक्क खलनायक वाटतो. त्यामुळे कोण काय वाचून आलंय त्यावर तो कुणाच्या बाजूचा ते ठरतं. दोन तास भांडल्यावर लक्षात येतं की दोघांनी वेगळीच पुस्तकं वाचली आहेत.

ज्याला इव्हेंटचा वीट आलाय त्यालाही गप्पांबाहेर ठेवू नका. त्याच्या हातात २०२४मध्ये सुरू झालेली अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन द्या. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही, हवेली नाही, बटलरचे लाड नाहीत, आई जिवंत आहे. स्वतंत्र जग असल्यानं आधीचं काहीच वाचावं लागत नाही. आमच्या ग्रुपमध्ये सध्या निम्मे लोक हेच वाचतायत.

उरलेले निम्मे माझ्या आखूड वाटेवर आहेत. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीला मी ३२ अंकांचा कागद दिला. चार दिवसांनी तिचा मेसेज आला, नियमाप्रमाणे वर "न्यू अ‍ॅव्हेंजर्स, अंक ३", मग रिकाम्या ओळी, आणि मग: "त्यांनी कॅपची स्मृती पुसली हे बरोबरच केलं. मी पण तेच केलं असतं." त्याला आता नऊ दिवस झाले. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि "टाइम रन्स आउट" तर तिनं अजून उघडलेलंही नाही.